झेनोफोबिया म्हणजे काय, आणि तो शब्द कुठे लावावा?

झेनोफोबियाला मराठीत काय म्हणायचं आणि परदेशी माणसाशी झालेल्या कुठल्याही भांडणाला तो लावता येतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी 'परकीयद्वेष' म्हणतो. 'विदेशीद्वेष'ही चालतो. झेनोफोबिया हा शब्द ग्रीक 'झेनोस' आणि 'फोबोस' यांतून जुळवलाय. फोबोस म्हणजे भीती, पण पाण्याच्या किंवा उंचीच्या भीतीसारखा हा आजार नव्हे. वापरात तिरस्कारच जास्त. झेनोस शब्दाने मात्र मला जीव लावलाय. त्याचा अर्थ परका, आणि पाहुणासुद्धा! दाराशी आलेला अनोळखी माणूस झ्यूस देवाच्या राखणीत असतो, असं जुने ग्रीक मानत.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांचीही गावं याच तालुक्यात आहेत. माझ्या लहानपणी एका शेतातली पाण्याची मोटार चोरीला गेली. पारावर पहिलं बोट गेलं ते तिबेटी लोकांकडे. कोणी काही पाहिलं नव्हतं. 'ते काही आपले नोहोत ना,' एवढंच कारण. हा परकीयद्वेष, आणि तेव्हा मान डोलावणाऱ्यांत आमच्या घरचेही होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच हिवाळ्यात आई बाजारात तिबेटी बाईशी स्वेटरच्या भावावरून तावातावाने भांडली. तो परकीयद्वेष नव्हता. भाव गावच्या दुकानदारानं सांगितला असता तरी ती तशीच भांडली असती. मी शब्द लावण्याआधी एवढंच पाहतो: समोरचा गावातला असता तर हेच बोललो असतो का?

सरकारच्या हातात गेला की हा द्वेष घरंदारं उठवतो. आमच्याकडे वसाहत झाली त्याच १९७२ साली आफ्रिकेतल्या युगांडात तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती कुटुंबं पुष्कळ होती.

वंशद्वेष वेगळा, तो रंगावर, वंशावर असतो आणि आपल्याच देशातल्या माणसाचाही करता येतो. दोन्ही पुष्कळदा एकत्र येतात. छत्तीसगडहून आलेल्या मजुराला कोणी 'बाहेरचा' म्हणून हिणवलं, तर तो परदेशी नसल्यामुळे मी 'परप्रांतीयांचा द्वेष' असंच सरळ लिहितो.