कपॅसिटर लावून व्होल्टेज वाढतं का?

प्रश्न: नमस्कार सर, आमची ५ एचपीची मोटर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब आहे, व्होल्टेज ३०० च्या आसपासच येतं आणि दोनदा वाइंडिंग जळालं. वायरमन म्हणतो कपॅसिटर लाव, खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो दादा, पण एकट्याने लावून थोडाच. मोटरला पाणी उपसायला लागते ती पॉवर वेगळी आणि आत चुंबकत्व तयार करायला लागते ती रिअॅक्टिव्ह पॉवर वेगळी, ही दुसरी लांबून तारेतून आणली की करंट वाढतो आणि व्होल्टेज वाटेतच पडतं. वर गंमत अशी की व्होल्टेज कमी झालं की मोटर तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते, म्हणून वाइंडिंग जळतं. कपॅसिटर ही रिअॅक्टिव्ह पॉवर मोटरपाशीच पुरवतो. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (हे रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) कपॅसिटर लावतात, त्याने पूर्ण ४१५ व्होल्टला साडेआठ अँपिअरचा करंट सातच्या आसपास येतो. पण व्होल्टेज ३०० असेल तर तोच कपॅसिटर जेमतेम निम्मं काम करतो, गरज असते तेव्हाच हा गडी ढेपाळतो! म्हणून डीपीवरच्या सगळ्यांनी लावा, आणि लाइट आल्याआल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू करणारे ते ऑटो स्विच आधी काढा बरं.

हे मोठ्या ग्रिडलाही (वीजपुरवठ्याच्या जाळ्यालाही) चुकलेलं नाही. २३ जुलै १९८७ ला टोकियोत भर उन्हात जेवणाच्या सुट्टीनंतर एसीचा लोड झपाट्याने वाढला, सगळे कपॅसिटर जोडूनही व्होल्टेज घसरत गेलं आणि सुमारे २८ लाख ग्राहक अंधारात.

कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडून घ्या. आणि बंद केल्यावर लगेच हात लावू नका, चार्ज राहतो त्यात.