मऊ लेपावरील आडवे उंचवटे आणि वाढलेला ड्रॅग

सिलिकॉन जेलचा 5 मिमी जाड लेप दिलेल्या पट्टीवर पाण्याच्या 2 मीटर प्रतिसेकंद वेगाला ड्रॅग (प्रवाहाचा अवरोध) घटण्याऐवजी वाढला आणि प्रवाहाला आडवे, संथपणे सरकणारे उंचवटे दिसले, हे आपले वर्णन वाचून कोल्हापुरातले माझे प्रयोगाचे दिवस आठवले. आपला लेप सदोष नसून, या वेगासाठी बहुधा फार मऊ आहे. अभियंते मॅक्स क्रेमर यांनी 1957 मध्ये डॉल्फिनच्या त्वचेवरून सुचवलेल्या लेपाचा लाभ प्रवाह खळाळता होणे लांबवण्यात होता, असे मानले जाते. आपला प्रवाह आधीच खळाळता आहे, त्यामुळे तोच लाभ येथे गृहीत धरू नये.

ढोबळ हिशेब असा: या वेगाला पृष्ठभागावरील घर्षणताण सुमारे 6 पास्कल, दाबातील चढउतार त्याच्या साधारण तिप्पट आणि भिंतीलगतचा चिकट थर सुमारे 65 मायक्रॉन. लेपाचा शिअर मॉड्युलस (आडव्या ताणाला होणाऱ्या विरोधाचे माप) 100 किलोपास्कल असेल तर लेप एखादा मायक्रॉन हलेल आणि प्रवाहाला त्याचा पत्ताही लागणार नाही. तोच 200 पास्कल असेल तर हालचाल चिकट थर ओलांडू शकते. शिवाय अशा लेपातील शिअर तरंगाचा (आडव्या कंपनाच्या लाटेचा) वेग प्रतिसेकंद अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. प्रवाहाचा वेग त्याच्या कित्येक पट झाला की उंचवटे उठतात आणि खडबडीतपणासारखा ड्रॅग वाढवतात.

म्हणून मॉड्युलस स्वतः मोजून घ्या, तोही शक्य तितक्या वेगवेगळ्या वारंवारतांवर. मी शोअर 00 (अतिमऊ पदार्थांचा कडकपणा मोजण्याची) श्रेणीतील 10 हार्डनेसचे सिलिकॉन मागितले होते. खरेदी विभागाने दरांच्या तुलनात्मक तक्त्यात श्रेणी गाळून केवळ ‘10’ लिहिले आणि सर्वांत कमी दराचे, शोअर ए श्रेणीतील, कितीतरी पट कडक सिलिकॉन मागवले. तक्रार केल्यावर ‘10 मागितले, 10 आले’ एवढेच उत्तर मिळाले, ऱ्हिओमीटर (मॉड्युलस मोजणारे उपकरण) चाचणीचा खर्च मंजूर शीर्षात बसत नाही म्हणून नाकारला गेला आणि मार्चअखेरीस उरलेला निधी परत गेला. ज्याला प्रयोग करायचा आहे त्याला न विचारता तांत्रिक अट बदलण्याचा अधिकार कोणत्याही खरेदी विभागाला नसावा, असे माझे ठाम मत आहे. मागणीपत्रात श्रेणी अक्षरी लिहा आणि तक्त्यावर स्वतःची सही झाल्याशिवाय ऑर्डर जाऊ देऊ नका.

लेपासाठीचा खळगा अॅल्युमिनियमच्या पट्टीत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांतून चांगला मिलिंग करून मिळतो. मात्र लेपाची पुढची कड पट्टीशी अगदी समतल हवी, नाहीतर त्या पायरीचाच ड्रॅग आपण मोजाल. सिलिकॉन प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनम उत्प्रेरकाने जमणारे) असेल तर ओतताना लॅटेक्सचे हातमोजे टाळा, कारण त्यातील गंधकामुळे ते नीट जमत नाही. आपले सिलिकॉन कोणते, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे वरचे आकडे केवळ अंदाज म्हणून घ्यावेत.