समुद्री गरुडाचे फोटो काळे का येतात?

प्रश्न : हर्णै-आंजर्ले किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्री गरुडाचे फोटो काढले. पक्षी काळाठिक्कर आणि कडा फिसकटलेल्या. लेन्स ४०० मि.मी.ची, शटरचा वेग १/५०० सेकंद. चूक कुठे?

उत्तर : चूक मुख्यतः वेळेची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य थेट लेन्ससमोर येतो. सकाळी जा. सूर्य पाठीशी असतो आणि मतलई वाराही जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पक्षी मासा उचलायला बहुधा वाऱ्याच्या तोंडावर उतरतो, म्हणजे तुमच्याकडे चेहरा करून! दहानंतर वाळू तापली की हवा थरथरते. मग कितीही महाग लेन्स असो, पिसांचे तपशील मिळत नाहीत.

उडत्या पक्ष्याला १/५०० कमी पडते. १/२००० ठेवा, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ६.३, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, फोकस सलग, म्हणजे हलत्या पक्ष्याचा पाठलाग करणारा. मोकळ्या आकाशावर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा. तोच गरुड सुरूच्या गर्द बनापुढे आला की उलट −०.७ करा, नाहीतर फोटोत पांढरे पोट जळून (फार उजळून) नुसता डाग उरेल. ब्राह्मणी घारीच्या पांढऱ्या डोक्यालाही हेच लागू.

घरट्याजवळ मात्र कृपा करून जाऊ नका. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर लगेच मागे फिरा. तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात, कावळे टपलेलेच असतात.

घरी आल्यावर लेन्सवरची वाळू आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा, मगच गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बाहेरचे क्षार पुसा. कोरडे घासल्यास काचेवर चरे पडतात.