देवगडचा हापूस वाशीच्या घाऊक बाजारात पाठवावा की थेट ग्राहकाला?

दोन्हीकडे पाठवा, पण प्रतवारी करून. एकसारखं, डागविरहित फळ थेट ग्राहकाला, बाकीचं वाशीला. वाशीत मोठा माल एका दिवसात खपतो, मात्र भाव आपल्या हातात नसतो. फळं बाजार समितीबाहेर विकायला 2016 पासून मोकळीक आहेच.

थेट विक्रीत खरी कसोटी वाहतुकीची. फळ 14 आणे तयार झालं, म्हणजे जवळपास पूर्ण वाढलं पण अजून पिकलं नाही, की देठासकट काढा, म्हणजे ते वाटेत नासत नाही, घरी पोचून पिकतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेची भोकं हवीतच. पुण्या-मुंबईत घरोघरी कुरिअर करत बसू नका. सोसायटीवार मागणी गोळा करून रात्रीची एकच गाडी न्या. भाडं वाटलं जातं, आदळआपटही कमी होते. भौगोलिक मानांकनाची (जीआय, म्हणजे फळ त्याच भागातलं असल्याची अधिकृत ओळख) नोंदणी केली नसेल, तर हंगामाआधी नक्की करून घ्या.