मागच्या सस्पेन्शनचे झिजलेले बुश प्रेस नसताना घरी बदलता येतात का?

तुम्ही लिहिले आहे की खडबडीत रस्त्यावर गाडीच्या मागच्या बाजूने दबका ठोका ऐकू येतो, तपासणीत मागच्या आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे तिच्या टोकाचा रबरी जोड, गेल्याचे सांगण्यात आले आहे आणि बुश दाबून काढण्या-बसवण्याचे हायड्रॉलिक प्रेस जवळ नसल्यामुळे हे काम घरी जमेल की नाही याची तुम्हाला शंका आहे. काम घरी जमते. मी स्वतः ते केले आहे आणि प्रेसशिवाय केले आहे. मात्र जुने बुश ओढून काढण्याची जी धास्ती बहुतेकांना वाटते, तो या कामातला केवळ कष्टाचा भाग आहे. काम फसते ते दुसऱ्याच दोन ठिकाणी: नवे बुश कोणत्या कोनात बसवले आणि त्यातला बोल्ट आर्म कोणत्या स्थितीत असताना आवळला. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी या दोन गोष्टींना देणार आहे.

आधी बुश काम कसे करते ते पाहू. मूळ कारखान्यातून येणाऱ्या रबरी बुशमध्ये एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या असतात आणि त्यांच्यामधले रबर दोन्ही नळ्यांना कायमचे चिकटवलेले असते. बाहेरची नळी आर्मच्या छिद्रात दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बॉडीवरच्या ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बोल्टने इतकी घट्ट आवळलेली असते की ती जागची हलू शकत नाही. आर्म वर-खाली होते तेव्हा यातला कोणताही भाग दुसऱ्या भागावर घसरत नाही. फक्त रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीत येते. म्हणूनच अशा बुशला वंगण लागत नाही, आणि म्हणूनच त्याला बसवतानाच चुकीचा पीळ पडला तर तो आयुष्यभर तसाच राहतो.

नवे बुश आणण्यापूर्वी निदानाची खात्री करून घ्या. रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा दिसणे हे वयाचे लक्षण आहे आणि तेवढ्यावरून बुश निकामी ठरत नाही. रबर नळीपासून सुटलेले असेल, आतली नळी मध्यभागी न राहता एका बाजूला सरकलेली असेल, किंवा द्रव भरलेल्या प्रकारच्या बुशमधून काळसर ओघळ आलेला असेल, तर मात्र ते गेले असे समजावे. पहारेचे टोक ब्रॅकेट आणि आर्म यांच्यामध्ये घालून हलकेच रेटा दिला की चांगले बुश थोडे दबून परत येते. गेलेले बुश मोकळेपणाने सरकते आणि बहुधा तोच ओळखीचा ठोका तिथल्या तिथे ऐकू येतो. स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे माउंट हेदेखील असाच आवाज करतात आणि ते बदलणे कितीतरी सोपे असते, म्हणून त्यांची तपासणी आधी करावी. आवाजाबरोबर ब्रेक लावताना गाडीचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटत असेल, वळणावर तो किंचित उशिरा मागे येत असेल किंवा टायर आतल्या कडेने झिजत असेल, तर संशय बुशवर पक्का होतो.

यानंतर तुमच्या गाडीची मागची रचना कोणती आहे ते पाहा. अनेक लहान गाड्यांत दोन्ही चाकांना जोडणारा एकच टॉर्शन बीम असतो आणि त्याला पुढच्या बाजूला दोन मोठे बुश असतात. मल्टी-लिंक रचनेत प्रत्येक चाकाला तीन, चार किंवा पाच वेगवेगळ्या आर्म असतात आणि प्रत्येकीला स्वतःचे बुश असते. दुसऱ्या प्रकारातील लहान आर्म बहुतेक वेळा बुशसकट नवीन मिळतात, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की त्या मिळत असतील तर बुश दाबण्याच्या भानगडीत पडू नये. पत्र्याच्या दाबलेल्या आर्ममधले बुश ओढताना आर्मच वाकण्याचा धोका असतो. बुश वेगळे बदलण्यात खरा अर्थ आहे तो जाड ओतीव ट्रेलिंग आर्म (पुढे बॉडीला आणि मागे चाकाला जोडलेली लांब आर्म) आणि टॉर्शन बीम यांच्या बाबतीत.

गाडी उचलण्यापूर्वी, ती सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असतानाच, मागच्या प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे आणि गाडी एकदा सुटी झाली की तो पुन्हा मिळवता येत नाही. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो, म्हणजे मागची चाके हवेत गेल्यावर तो गाडीला धरून ठेवत नाही. त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे आणि पुढची चाके ओढणारी मॅन्युअल गाडी असेल तर ती गिअरमध्ये ठेवणे आवश्यक आहे. गाडीचे वजन दोन भक्कम स्टँडवर द्यावे. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मागच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग टेकलेली असेल तर तिच्यात बरीच शक्ती दाबलेली असते, त्यामुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढण्यापूर्वी आर्मखाली जॅक लावावा आणि तो अगदी सावकाश उतरवत स्प्रिंग मोकळी होऊ द्यावी. ब्रेकची नळी आणि चाकाच्या सेन्सरची वायर यांवर ताण येत नाही ना, याकडे या वेळी एक डोळा ठेवावा. ब्रेकचा कॅलिपर काढावाच लागला तर तो तारेने बांधून टांगावा, नळीवर लोंबकळू देऊ नये.

बोल्ट काढताना एक विशिष्ट अडचण येते. बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजून एकजीव झालेली असतात, आणि पाना फिरवला की बोल्टबरोबर नळी व रबरही फिरते. अशा वेळी जोर वाढवल्याने काही साधत नाही, उलट बॉडीच्या पोकळीत बसवलेला नट सुटला तर तो धरायला जागाच उरत नाही आणि मग पत्रा कापण्याची वेळ येते. पुढे-मागे थोडे थोडे फिरवत तेल आत जाऊ द्यावे, आणि तरीही सुटत नसेल तर ब्रॅकेटचा कान आणि बुश यांच्यामधल्या फटीतून बोल्ट सरळ करवतीने कापावा. बुश तसेही फेकायचेच असते. गॅसच्या ज्योतीचा मोह इथे टाळावा. इंधनाची टाकी आणि तिच्या प्लॅस्टिकच्या नळ्या बहुतेक गाड्यांत मागच्या सस्पेन्शनपासून हातभर अंतरावरच असतात, आणि जळणाऱ्या रबराचा धूरही विषारी असतो. ज्या बोल्टांना विक्षेपी वॉशर, म्हणजे चाकाचा कोन बदलण्यासाठीचे एका बाजूला झुकलेले वॉशर असतात, त्यांची मूळ जागा काढण्यापूर्वीच खुणेने नोंदवावी.

आता कोनाकडे येऊ. बुशचे रबर सगळीकडे सारखे भरीव नसते. त्यात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, ज्यांमुळे ते एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक होते. मऊ दिशा सहसा पुढे-मागे ठेवलेली असते, कारण खड्ड्याचा धक्का त्याच दिशेने येतो. कडक दिशा वळणावरचा आडवा जोर पेलते. तेच बुश ९० अंश फिरवून बसवले तर ते छिद्रात उत्तम बसेल आणि आवाजही जाईल, परंतु गाडी वळणावर मागून डोलू लागेल आणि रबर लवकर फाटेल. म्हणून जुने बुश काढण्यापूर्वी पोकळ्यांची दिशा आर्मवर ठळक ओरखड्याने दाखवावी, दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि बाहेरच्या नळीची कड आर्मच्या तोंडापासून किती बाहेर किंवा आत आहे तेही मोजावे. नव्या बुशवर बाण किंवा खाच असेल तर तिचा अर्थ त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला असतो, आणि जुने बुश पूर्वी कुणी तरी बदललेले असण्याची शक्यता असेल तर केवळ जुन्या खुणेवर विसंबून न राहता पुस्तिकाच प्रमाण मानावी. टॉर्शन बीमचे काही बुश तिरपे बसवलेले असतात. त्यांत उजवे-डावे हा भेदही असू शकतो.

ओढण्याच्या साधनासाठी तयार पुलर मिळाला तर उत्तमच, नाहीतर उच्च ताकदीचा आटेदार दांडा, जाड वॉशर, दोन नट आणि दोन नळकांडी एवढ्यावर काम भागते. एका नळकांड्याचा आतला व्यास बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे बुश त्यात येऊन पडेल; दुसऱ्याचा बाहेरचा व्यास छिद्रापेक्षा किंचित लहान हवा आणि त्याने केवळ बाहेरच्या नळीच्या कडेवर जोर द्यावा. साध्या पोलादाच्या दांड्याचे आटे या कामात टिकत नाहीत, १०.९ श्रेणीचा (बोल्टच्या पोलादाची उच्च ताकदीची श्रेणी), १२ ते १६ मिलिमीटर जाडीचा आणि आट्यांना भरपूर ग्रीस लावलेला दांडा घ्यावा. बुश हटतच नसेल तर रबराला भोके पाडून आतली नळी काढावी आणि उरलेल्या बाहेरच्या नळीला करवतीच्या पात्याने आतून एक उभी चीर द्यावी. चीर आर्मच्या धातूला लागणार नाही एवढे जपले की नळी छिन्नीने आत दुमडून सहज बाहेर येते. टॉर्शन बीममध्ये हे सगळे बीम गाडीलाच ठेवून करता येते: दोन्ही बाजूंचे बोल्ट काढून बीमची पुढची बाजू जॅकने खाली उतरवायची, बॉडी आणि बीम यांच्यामध्ये भक्कम लाकडी ठोकळा अडकवायचा आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत याची खात्री करायची.

बसवण्यापूर्वी छिद्र स्वच्छ करून कडेवरचे खरबरीत टोक कानसेने मारावे. नवे बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब केला तर ६० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ४५ अंश सेल्सियसने थंड झाल्यावर जेमतेम ०.०३ मिलिमीटरने आकसते. त्याने अपाय काही नाही, पण फार अपेक्षाही ठेवू नये. खरा उपयोग होतो तो बुश सुरुवातीलाच छिद्राशी सरळ रेषेत ठेवण्याचा. पहिले काही मिलिमीटर नट थोडाच फिरवून चारही बाजूंनी पाहावे आणि तिरपेपणा दिसताच मागे यावे. पुस्तिकेत कोरडे बसवायला सांगितले नसेल तर बाहेरच्या नळीला साबणाचे पाणी पुरते. खनिज तेल किंवा साधे ग्रीस रबराला फुगवते, ते वापरू नये. हातोड्याने ठोकून बुश बसवणे म्हणजे आतला चिकटलेला जोड पहिल्याच दिवशी सोडवणे होय.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा बोल्ट आवळण्याचा. गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबत असते आणि आर्मही खाली झुकलेली असते. आर्म ४० सेंटिमीटर लांब असेल आणि चाक नेहमीच्या उंचीपेक्षा ९ सेंटिमीटर खाली असेल तर आर्मचा कोन सुमारे १३ अंशांनी बदललेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला १३ अंशांचा पीळ पडतो, तो उभ्या गाडीतही सुटत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात त्यात भर पडते. गाडी मागून थोडी उंच राहते, ताठर वाटते आणि नवे कोरे बुश बघता बघता फाटते; मग दोष मालाला दिला जातो. म्हणून सगळे बोल्ट आधी हातानेच पोचवून ठेवावेत, चाकाच्या हबखाली जॅक लावून सुरुवातीला मोजलेले अंतर पुन्हा मिळेपर्यंत आर्म उचलावी आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) अंतिम आवळणी करावी. जॅक उचलताना गाडी स्टँडवरून सुटू लागली तर तिथेच थांबून डिकीत वजन ठेवावे. मागची चाके रॅम्पवर चढवून खाली पुरेशी जागा मिळत असेल तर तो मार्ग अधिक चांगला. टॉर्कचा आकडा प्रत्येक गाडीचा आणि प्रत्येक बोल्टचा वेगळा असतो, तो अंदाजाने ठरवू नये. ज्या बोल्टांना ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवायला सांगितलेले असते ते बहुधा ताणले जाणारे बोल्ट असतात आणि तसे असल्यास ते नवेच घालावे लागतात. स्वयं-अडकणारे नटही तसेच.

पॉलियुरेथेनच्या (रबराऐवजी वापरल्या जाणाऱ्या कडक प्लॅस्टिकच्या) बुशबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सुटे भाग शोधताना ते समोर येतील. त्यांत आतली नळी फिरती असते, म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते आणि पिळाचा वरचा नियम त्यांना तसा लागू होत नाही. ते बसवायला सोपे असतात, हेही खरे. परंतु ट्रेलिंग आर्मचे पुढचे बुश केवळ फिरत नाही, ते तिरपेही होते, आणि तिथे कडक पॉलियुरेथेन अडून बसते व रस्त्याचा आवाज आत आणते. रोजच्या वापराच्या गाडीला मी मूळ प्रकारचे रबरच घालतो.

बुश नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदलावे आणि काम झाल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे. टॉर्शन बीममध्ये मागे जुळवणीची सोय बहुधा नसते, पण बीम तिरका बसला आहे का ते त्या मोजमापातच कळते. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्टांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा लावून पाहावा. ताणल्या जाणाऱ्या बोल्टांना मात्र पुन्हा हात लावू नये, त्यांच्या डोक्यावर आणि ब्रॅकेटवर आधीच रंगाची एक सलग रेघ मारून ठेवावी आणि ती तुटलेली दिसते का एवढेच पाहावे.