कर्जाचे पैसे बँक आणते कुठून?

प्रश्न: नारायण पेठेत माझी मेस आहे. बँकेनं ४ लाखांचं कर्ज दिलं. हे कुणाच्या ठेवीतले पैसे? आणि नफा असूनही २० तारखेनंतर गल्ला रिकामा का?

उत्तर: ताई, कर्जविभागात ३१ वर्षं काढली. सुरुवातीला मलाही वाटायचं, एकाची ठेव उचलून दुसऱ्याला देतो. तसं नसतं. बँक तुमच्या नावे कर्ज लिहिते आणि त्याच क्षणी तुमच्या खात्यात ४ लाख जमा करते. कुणाचीच ठेव घटत नाही. पैसा नवा तयार होतो. ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेनं, बँक ऑफ इंग्लंडनं, २०१४ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं. मुद्दल फेडलंत की तेवढा पैसा पुसला जातो.

पण म्हणून बँकेला मोकळं रान मिळतं असं नाही. मार्केट यार्डातल्या तुमच्या व्यापाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत असेल, तर तुम्ही त्याला दिलेली रक्कम तुमच्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या शिलकीतून चुकवावी लागते. शिवाय कर्जाच्या प्रमाणात स्वतःचं भांडवल राखायचे नियम आहेतच.

गल्ल्याचं म्हणाल, तर नफा वहीत असतो. मुलं पैसे देतात महिना संपल्यावर, तेही घरून आले तर! भाजीवाला मात्र रोज रोख मागतो. मुलांकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि बँकेकडे कर्जाच्या हप्त्याची तारीख १० करून मागा.