घुंगरू बांधताना वाकलेली पाठ

शहापूर, बेळगाव
शनिवार, रात्री

चि. मुली,

चित्रांची गुंडाळी तू विसरून गेलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते तुझं तुला ठाऊक. जेवणं झाल्यावर सुतळी सोडली आणि सगळे कागद खोलीभर पसरले. मोजून 43 भरले. आमच्या घरातून आवाज आला, ‘चालायला तरी जागा ठेवा.’ ठेवली नाही.

रेघ चांगली आहे. हे एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नकोस.

आता खोड. गणपती विसर्जनाची मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ, टिळकवाडीतला तुझ्या मैत्रिणीचा भरतनाट्यमचा क्लास, सगळं तू मोबाईलच्या फोटोवरून काढलंयस. कसं ओळखलं? ढोल वाजवणाऱ्या पोराचा पुढचा हात डोक्याएवढा झालाय आणि गणपत गल्लीतली दुकानं कागदाच्या कडेला आतल्या बाजूला कलली आहेत. दुकानं तशी कलत नाहीत, मोबाईलची काच त्यांना कलवते. दुसरी गोष्ट, ती घुंगरू बांधणारी मुलगी सोडली तर प्रत्येक चित्रात हात वरच, तोंड उघडंच, मुद्रा पूर्णच. जसा काही आपल्या गावात कुणी दमतच नाही.

जाता जाता जिन्यात तू विचारलंस, ‘सर, शहर आणि नाचणाऱ्या बायका एवढंच काढत राहिले तर त्यावर आयुष्य निघेल का?’ तेव्हा मी चप्पल शोधत होतो, म्हणून ‘बघू की’ म्हटलं. खरं उत्तर लांब आहे आणि ते एका फ्रेंच माणसाच्या आयुष्यातून जातं.

एदगार देगा. जन्म पॅरिसचा, 1834 चा. बाप बँकवाला. 1853 साली पोरगा कायदा शिकायला गेला आणि थोड्याच दिवसांत तो सोडून लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करत बसला. विशीत त्याची अँग्र या म्हाताऱ्या चित्रकाराशी भेट झाली. म्हाताऱ्यानं सांगितलं ते एवढंच : रेघा काढ, पुष्कळ रेघा काढ, समोर बघून काढ आणि आठवणीतून काढ. मग 1856 ते 1859 इटलीत, तिथंही नकलाच. परत आल्यावर इतिहासातले प्रसंग रंगवले. ज्या बॅले नर्तकींसाठी आज जग त्याला ओळखतं, त्या त्याच्या कॅनव्हासवर येईपर्यंत तिशी उलटून गेली होती. तू 21 ची आहेस आणि गेल्या वर्षीच तुला ‘माझी शैली’ सापडली, असं तू म्हणतेस. असो.

पैशाचं विचारलंस ना. चाळिशीपर्यंत त्याला पैशाची काळजी नव्हती. 1874 साली बाप गेला आणि घराण्याच्या धंद्याचं दिवाळं बाहेर आलं. भावाचं कर्ज फेडायला देगानं घर विकलं, बापानं जमवलेली चित्रं विकली. तिथून पुढं चित्रावरच चूल पेटायची. त्याच वर्षी त्यानं मित्रांबरोबर प्रदर्शन भरवलं, ज्याला पुढं इंप्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन म्हणू लागले. अशी आठ झाली, त्यातल्या सातांत तो होता. नर्तकींची चित्रं विकली जायची, म्हणून तो ती करत राहिला. यात लाजण्यासारखं काही नाही. पण 1912 साली त्याचं सरावाच्या आडव्या दांड्याजवळ उभ्या असलेल्या दोन नर्तकींचं चित्र लिलावात 4,35,000 फ्रँकला गेलं, तेव्हा त्यातला एक फ्रँकही त्याचा नव्हता. ते त्याच्या हातून कधीच गेलेलं. आपण शर्यत जिंकलेला घोडा आहोत, आपल्याला आपला चंदी-चारा मिळाला की झालं, असं काहीसं तो म्हणाल्याचं सांगतात. तेव्हा आयुष्य निघतं का, तर निघतं. बंगला दुसऱ्याचा होतो.

आता मला जे सांगायचंय ते. तुला वाटतं, तो रोज नाटकघरात जाऊन, कोपऱ्यात बसून पोरी काढत होता. मलाही चाळीस वर्षं तसंच वाटायचं. प्रत्यक्षात 1873 साली पॅरिसचं ते जुनं ऑपेराघर आगीत जळून खाक झालं आणि त्यानंतरही देगा त्याच घरातल्या तालमीच्या खोल्या रंगवत राहिला! जळलेल्या खोलीत पोरी उभ्या करायच्या, त्यांच्यात म्हातारा नृत्यगुरू ज्यूल पेरो काठी टेकून उभा करायचा. नर्तकींच्या परीक्षेची किती तरी चित्रं त्यानं आधी केली, आणि मग एका ओळखीच्या माणसाला चिठ्ठी लिहिली की मला एकदा परीक्षा बघायला पास मिळवून दे, न बघताच एवढ्या काढल्या याची आता लाज वाटते. मुली खोलीवर बोलवायचा, पैसे देऊन उभ्या करायचा आणि एकच वाकलेली पाठ वीस वेळा काढायचा. आपल्या कलेइतकी उत्स्फूर्तता नसलेली कला दुसरी नाही, हे त्याचंच म्हणणं. उघड्यावर तिकाटणं लावून बसणाऱ्यांची तर तो मनसोक्त टर उडवायचा.

म्हणजे रस्त्यावर जायचं नाही का? जायचं की. पण रिकाम्या हातानं. नरगुंदकर भावे चौकात चित्ररथ थांबला की त्यावरचा मावळा काय करतो, बघ. दाढीचा डिंक खाजवतो. तलवार काखेत मारून चहा पितो. अफजलखान झालेला माणूस मांडी घालून पोराला फोन लावतो. हे पाहून घरी ये आणि मग काढ. जे आठवत नाही ते तू बघितलंच नव्हतंस, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. फोटो काढलास की डोळा सुट्टीवर जातो. आपलं काम यंत्रानं केलं असं त्याला वाटतं. देगानंही म्हातारपणी कॅमेरा घेतला होता बरं का, 1895 च्या सुमारास. पण तोवर चाळीस वर्षं हात चालला होता.

त्याचं तालमीचं एक चित्र आहे, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असतं. त्यात एक मुलगी पियानोवर बसून पाठ खाजवतेय. गुरुजी बोलताहेत आणि निम्म्या पोरींचं लक्ष नाही. पुढ्यात एक पाण्याची झारी ठेवलीय. झारी का? लाकडी जमिनीवर पाणी शिंपडायचे, पाय घसरू नयेत म्हणून. झारी काढायला सुचली तो माणूस नाच बघत नव्हता, काम बघत होता. तुझ्या टिळकवाडीच्या क्लासात तट्टुकळीचा, म्हणजे काठीनं ताल ठोकायचा, लाकडी ठोकळा आहे, कडा झिजलेला. बाटल्यांची रांग आहे. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून बसून मांड्या थरथरणारी पोरगी आहे, घुंगरू बांधायला वाकल्यावर वेणी पुढं पडणारी आहे. तुझ्या 43 कागदांत ठोकळा एकदाही नाही.

यावर माझी एक गोष्ट ऐक, कुणाला सांगत नाही मी ती. तरुणपणी भारत हुण्णिमेला, म्हणजे माघी पौर्णिमेच्या जत्रेला, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर गेलो होतो. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेऊन नाचणारी एक जोगतीण पाहिली. घरी येऊन मोठं तैलचित्र केलं, हळद उधळलेली, वगैरे. ते विकलंही गेलं. पुढच्या जत्रेला चित्राचा फोटो घेऊन तिला दाखवायला गेलो, मोठ्या तोऱ्यात. तिनं बराच वेळ बघितलं, मग म्हणाली, ‘नन्न कालु हिंग इल्लरी.’ माझे पाय असे नाहीत. मी खाली बघितलं. भेगा पडलेली टाच, एका अंगठ्याला नख नाही. मी तिला कॅलेंडरवरच्या बाईचे पाय दिले होते. चित्राचे पैसे मी घेतले, तिला त्यातलं काही दिलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

देगाकडे मारी व्हान गोथेम नावाची पोरगी उभी राहायची. आई कपडे धुणारी. तिचा मेणाचा पुतळा त्यानं केला, खरा कापडी झगा आणि केसांत खरी रिबन घालून, 1881 मध्ये मांडला. लोकांनी नावं ठेवली, माकडीण म्हणाले. पुढच्याच वर्षी ऑपेरानं तिला काढून टाकलं. पुतळ्याचे पुढं ब्राँझ निघाले, ते जगभरच्या संग्रहालयांत काचेत उभे आहेत. मारीला कुणी काचेत ठेवलं नाही. ऑपेराच्या पडद्याआड काळ्या कोटातले श्रीमंत वर्गणीदार का घुटमळायचे, हे मी तुला उलगडून सांगायला नको. यल्लम्माला सोडलेल्या मुलींच्या मुलखात आपण राहतो. कर्नाटकात देवदासी सोडण्याविरुद्धचा कायदा 1982 साली झाला. तेव्हा जोगतीण काढायची असेल तर आधी तिच्याशी बोल, तिच्या भाषेत. तुला कन्नड येतं, माझ्यापेक्षा बरं येतं. पैसे दे. आणि पाय बघ.

नुसत्या नाचावर जायचं असेल तर आपल्याच राज्यातले चित्रकार के. के. हेब्बर आहेत. नाचाची लय रेघेत यावी म्हणून ते स्वतः कथक शिकले. तूही सहा महिने त्या क्लासात मागच्या रांगेत उभी राहा. हसू नकोस. आणि ‘बेळगावात राहून काय होणार’ हे पालुपद बंद कर. चित्रकार के. बी. कुलकर्णी याच गावात शिकवत होते आणि रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मुंबईला जायचं तर जा, पण वडगावात हातमागावर बसलेल्या तुझ्या आजीच्या दोन वह्या भरल्यावर जा. देगानं इस्त्री करणाऱ्या बायका काढल्या, एक जांभई देतेय, एक दोन्ही हातांनी जोर लावतेय. कांड्या भरणाऱ्या बाईची मान कशी पडते ते जगात फार कमी चित्रकारांनी बघितलंय आणि तुला ते स्वयंपाकघरातून दिसतं.

त्याच्या एका गोष्टीची मात्र नक्कल करू नकोस. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर फितुरीचा खोटा आरोप झाला, त्यावरून पेटलेल्या भांडणात ज्यूंच्या द्वेषापायी त्यानं अलेव्ही कुटुंबाशी, जिथं तो घरच्यासारखा जेवायचा, संबंध तोडले. शेवटी डोळे गेले होते आणि माणसंही फारशी उरली नव्हती. आपल्याकडे सीमावादाच्या मोर्चाच्या दिवशी गल्लीत कोण कुणाशी बोलत नाही ते तू बघतेसच. तुझ्या क्लासच्या अक्कांकडे त्या दिवशीही जात जा.

कामाचं : देगा ट्रेसिंग कागद वापरायचा. एक आकृती कोळशानं काढायची, वर कागद ठेवून पुन्हा काढायची, सुधारायची, उलटी करून दुसऱ्या चित्रात बसवायची. उद्यापासून तू तेच कर. फक्त ती एक मुलगी घे, घुंगरू बांधणारी, बाकी 42 कागद मी कपाटात ठेवतोय. पेस्टल उघडे ठेवू नकोस, आपल्या पावसात कागदाला आठ दिवसांत बुरशी धरते. माझी निम्मी कॉलेजची चित्रं तशीच गेली. काचेवर छपाईची शाई लावून, चिंधीनं पुसून, वर ओला कागद दाबून एकच ठसा काढायची रीतही दाखवीन. देगा असे ठसे काढून वर पेस्टल चढवायचा. चमच्यानं घासलं तरी येतो ठसा.

पुढच्या रविवारी दहाच्या आत ये, नंतर माझा डोळ्याच्या डॉक्टरकडे नंबर आहे. येताना ट्रेसिंगचा एक रोल आण आणि क्लासातला तो ठोकळा आठवून काढून आण. कुठल्या कडेला जास्त झिजलाय ते मला माहीत आहे, मी काल जाऊन बघून आलो.

तुझा,
सर